जुळवलेल्या जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल: ओळख, मोजमाप आणि फेरबांधणी

विलिज पद्धतीची जुनी जीप आज अखंड मूळ अवस्थेत क्वचितच मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीहून बांधून आणलेली असो, किंवा लष्करी लिलावातल्या आणि भंगारातल्या सुट्या भागांतून गावातच जुळवलेली असो, चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचं आणि अ‍ॅक्सल तिसरीचा हे नेहमीचंच. अशा गाडीचा मागचा अ‍ॅक्सल आवाज करू लागला की बहुतेक जण दोनच चुका करतात. अ‍ॅक्सल कोणता आहे ते न पाहता क्राऊन-पिनियनचा सेट (इंजिनकडून येणारा फेरा चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची जोडी) आणतात, आणि जुनी मापं न घेता डिफरेन्शियल (ही जोडी ज्यात असते तो मधला भाग) उघडतात. नवा सेट बसतो, पण गाडी आधीपेक्षा जास्त गुणगुणते. मग दोष मालाला दिला जातो. माल बहुधा ठीक असतो. चुकलेली असते पिनियनची खोली, म्हणजे पिनियन क्राऊनकडे किती आत बसला आहे ते, आणि ती चुकते कारण जुन्या शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कुठल्या जागी किती होत्या ते कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

खालची मापं विलिज आणि महिंद्राच्या जुन्या सीजे (नागरी जीप) पद्धतीच्या जीपमधल्या डॅना ४४ जातीच्या अ‍ॅक्सलला धरून आहेत. तुमच्या गाडीची मूळ सर्व्हिस पुस्तिका हाताशी असेल आणि तिच्यात वेगळा आकडा असेल, तर पुस्तिकेचा आकडा धरा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी.

१. उघडण्याआधी ओळख पटवा

हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) टोकाकडे पाहा. चाकाच्या मधोमध काय दिसतं त्यावरून निम्मं काम होतं.

सहा बोल्टांनी आवळलेला गोल फ्लॅंज दिसला तर अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला असा अ‍ॅक्सल होता, स्पायसर २३-२. यात गाडीचं वजन हबवरच्या दोन बेअरिंगांवर असतं. शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो आणि चाक न काढताही बाहेर येतो.

मधोमध एकच मोठा कॅसल नट आणि त्यात स्प्लिट पिन असेल तर अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग आहे आणि शाफ्टचं टोक टेपर, म्हणजे निमुळतं आहे. हब त्या टेपरवर चावीनं (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यानं) बसतो. डॅना ४१ आणि सुरुवातीचे डॅना ४४ असे असतात. जुळवलेल्या जीपमध्ये सर्वांत जास्त भेटतो तो हाच, आणि चुकाही सर्वांत जास्त याच्यावरच होतात.

नटही नाही आणि बोल्टही नाहीत, शाफ्ट आणि फ्लॅंज एकसंध आहेत, तर तो नंतरच्या काळातला फ्लॅंज शाफ्टचा अ‍ॅक्सल. त्याच्या बाहेरच्या बेअरिंगची रचना वेगळी असते, म्हणून सातवा टप्पा त्याला लागू नाही.

मग हौसिंग (सगळं ज्यात बसतं ती बाहेरची पेटी) तारेच्या ब्रशनं घासा. ओतीव भागावर किंवा त्याच्या फासळीवर अनेकदा ४४ हा आकडा ओतलेला सापडतो. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची चिठ्ठी असेल तर तिच्यावर दातांची संख्या असते. पण जुळवलेल्या गाडीत ही चिठ्ठी फक्त खूण माना. आतला सेट बदलून चिठ्ठी तशीच ठेवलेले अ‍ॅक्सल पुष्कळ फिरतात.

झाकण उघडल्यावर खात्री करायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली क्राऊन व्हीलचा बाहेरचा व्यास: डॅना ४४ चा ८.५ इंच, स्पायसर २३-२ चा ७.७५ इंच. दुसरी शाफ्टवरच्या स्प्लाइनची (टोकावरच्या लांब खाचांची) संख्या: टेपर शाफ्टचे जुने डॅना ४४ दहा स्प्लाइनचे, नंतरचे एकोणीस स्प्लाइनचे. शाफ्ट आणि सन गिअर (शाफ्टचं आतलं टोक ज्यात बसतं तो) एकाच संख्येचे लागतात, म्हणून एक शाफ्ट तुटला तर नवा घेण्याआधी तुटलेल्याच्या स्प्लाइन मोजा. तिसरी गोष्ट दात, आणि तिच्यासाठी पुढचा टप्पा वेगळा दिला आहे.

२. रेशो मोजा, पुढचा आणि मागचा दोन्ही

चारचाकी ओढीच्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) एकच असावा लागतो. एमबीचा ४.८८ (३९ आणि ८ दात), तर त्यानंतरच्या नागरी जीपचा ५.३८ (४३ आणि ८ दात). बाहेरून दोन्ही जवळपास सारखे दिसतात आणि भंगारात शेजारी शेजारी पडलेले असतात. पुढे एक आणि मागे दुसरा बसला तर दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक पडतो. टू-व्हीलवर गाडी छान चालते. फोर-व्हील टाकल्यावर शाफ्टांना पीळ बसतो, ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या पेटीचा) लिव्हर अडकतो आणि शेवटी प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा एखादा क्रॉस किंवा दात जातो.

न उघडता मोजण्याची पद्धत अशी. फक्त एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. योकवर (पिनियनच्या टोकावरचा, प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तो भाग) आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर २० वेळा फिरवा आणि सोबत्याला प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक अडलेलं असल्यामुळे क्राऊन व्हील निम्मे म्हणजे १० फेरे घेतं. शाफ्टचे पावणेचोपन्न फेरे झाले तर रेशो ५.३८, पावणेएकोणपन्नास झाले तर ४.८८. पुढच्या अ‍ॅक्सलवरही हेच करा.

> सावधान: जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक मागचं चाक उचललं, किंवा शाफ्ट काढला, की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. सपाट जागा निवडा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडसर लावा आणि चासीखाली मजबूत घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडी सोडून खाली हात घालू नका.

रेशो बदलायचाच विचार असेल तर हेही पाहून घ्या: डॅना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या सेटची केज (क्राऊन व्हील ज्यावर बसतं ती) वेगळी, ३.९२ आणि त्यावरच्या सेटची वेगळी. चुकीच्या केजवर क्राऊन व्हील पिनियनपर्यंत नीट पोचत नाही. जाड चकत्या घालून ते पोचवू नका.

३. आवाजावरून अंदाज घ्या

गाडी अजून चालती आहे तोवर एक फेरी मारा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर थांबणारी शीळ क्राऊन-पिनियनकडे बोट दाखवते. दाबल्यावरही आणि सोडल्यावरही सारखी राहणारी, वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची. फक्त वळणावर येणारा आवाज स्टार पिनियन (केजमधले छोटे गिअर), त्यांच्या चकत्या किंवा बाहेरच्या बेअरिंगचा.

गिअर टाकताना येणारा 'टक्' आवाज लोक सरसकट डिफरेन्शियलच्या माथी मारतात. आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून बघा. मग हबची चावी तपासा: चाक जमिनीवर ठेवून शाफ्ट थोडा पुढे-मागे फिरवा आणि कॅसल नटकडे पाहा. नट हलतो पण हब हलत नाही, असं दिसलं तर टेपर सैल झाला आहे. अशा वेळी सेट बदलून काहीही उपयोग होत नाही.

४. हत्यारं आणि सामान आधी जमवा

अर्धं उघडून सामानासाठी थांबलेला अ‍ॅक्सल धूळ खातो आणि त्याच्या शिम हरवतात. उघडण्याच्या दिवशी हे सगळं जागेवर हवं:

- चुंबकी स्टँडसह डायल गेज, ०–१ इंचाचा मायक्रोमीटर, व्हर्निअर
- टॉर्क पाना, निदान २२५ पाउंड-फुटांपर्यंत जाणारा
- चाकाच्या स्टडवर आवळून बसणारा हब पुलर
- बेअरिंग काढण्याचा पुलर आणि जवळपास हायड्रॉलिक प्रेस
- योक धरून ठेवायला लांब लोखंडी पट्टी, पितळी ड्रिफ्ट
- इंची सॉकेट. जुने आटे इंची असतात. नंतर बदललेले बोल्ट मेट्रिक असू शकतात, म्हणून जबरदस्ती करण्याआधी बोल्ट हातानं फिरतो का ते पाहा
- गिअरवर लावायचा खुणेचा रंग, किंवा प्रशियन ब्लू

सामानात पिनियनची दोन आणि केजची दोन बेअरिंगं, शाफ्टची बाहेरची दोन, पिनियन सील, शाफ्टची आतली आणि बाहेरची सीलं, नवा पिनियन नट, क्राऊन व्हीलचे नवे बोल्ट, झाकणाचं गॅस्केट आणि ३, ५, १० थाऊंच्या शिमचा संच. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या ऑपेरा हाउस परिसरात जीपचं सामान मिळतं, पण बेअरिंग मागताना "जीपचं द्या" म्हणू नका. जुन्या कोनवर (बेअरिंगचा आतला भाग) आणि कपवर (बाहेरचं कडं) कोरलेला नंबर वाचून तोच मागा. कोन आणि कप दोन्ही एकाच जोडीतले घ्या. जुन्या कपात नवा कोन बसवणं म्हणजे नवं बेअरिंग वाया घालवणं.

५. उघडणं: आधी मोजा, मग काढा

आधी वरचा फिलर प्लग सैल करून बघा. तो सडून बसला असेल आणि खालचं ऑइल तुम्ही आधीच काढलं असेल तर गाडी तिथेच अडकते. ऑइल गरम असताना काढा आणि बोटांत चोळून पाहा. चांदीसारखी बारीक चमक म्हणजे रोजची झीज. नखाला टोचणारी चकती निघाली तर कुठला तरी दात किंवा बेअरिंग फुटलं आहे. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. कोकणात आणि घाटावर ओढ्यांतून गाडी घालणाऱ्यांकडे हे वरचेवर आढळतं, आणि कारण बहुतेक वेळा चिखलानं बुजलेला ब्रीदर (हौसिंगची हवा जाण्या-येण्याची वाट) असतं. ब्रीदर बंद असला की गरम हौसिंग थंड पाण्यात गार होताना सीलांतून पाणी आत ओढतं.

झाकण काढल्यावर काहीही सैल करण्याआधी तीन नोंदी करा. क्राऊन व्हीलच्या दातावर डायल गेज लावून चार जागी बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजा. दातांना रंग लावून फिरवा आणि उमटलेल्या खुणेचा फोटो घ्या. दातांची संख्या मोजून लिहा. पुढे काही अडलं तर परत जायला हाच एक ठावठिकाणा आहे.

आता हब. जुन्या जीपला डाव्या चाकांच्या नटांना बहुधा उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला असतो. चाक आणि ड्रम काढा, स्प्लिट पिन काढा आणि कॅसल नट दोन-तीन आटे मागे घेऊन तसाच ठेवा, कारण टेपर सुटताना हब जोरात उडतो. पुलर स्टडवर समान आवळा, मधला स्क्रू घट्ट ताणा आणि त्या स्क्रूच्या डोक्यावर एक-दोन घाव घाला.

> सावधान: शाफ्टच्या टोकावर थेट हातोडा मारू नका. या रचनेत दोन्ही शाफ्टांची आतली टोकं केजमधल्या एका ठोकळ्याला टेकलेली असतात. एका टोकाचा घाव ठोकळ्यातून दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगला जातो, आणि टोकाचे आटे चेपतात ते वेगळेच.

ब्रेक प्लेट काढताना तिच्या आणि हौसिंगच्या फ्लॅंजमध्ये शिम मिळतील. डावीकडच्या डाव्या पिशवीत, उजवीकडच्या उजव्या पिशवीत, प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरनं मोजून पिशवीवर लिहा. मग शाफ्ट ओढून काढा.

केजच्या बेअरिंग कॅपवर आणि हौसिंगवर जुळणारी अक्षरं असतात, एका बाजूला उभी आणि दुसऱ्या बाजूला आडवी. नसतील तर पंचनं खुणा करा. कॅप जागेवरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग गोल राहत नाही. केज दोन पट्ट्यांनी सारखी उचकटून काढा. स्प्रेडर वापरत असाल तर हौसिंग २० थाऊंपेक्षा जास्त कधीही फाकवू नका; त्यापुढे ओतीव लोखंड पूर्ववत येत नाही.

शेवटी पिनियन. योक पट्टीनं धरा, नट काढा, पिनियन आत ढकला. शिम दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात आणि दोघींची कामं वेगळी आहेत. आतल्या कपच्या मागे, हौसिंगच्या भोकात असतात त्या पिनियनची खोली ठरवतात. पिनियनच्या दांड्यावर, बाहेरच्या बेअरिंगआधी असतात त्या बेअरिंगचा ताण, म्हणजे ते किती घट्ट फिरतं ते ठरवतात. कपमागे तेल अडवणारी चकती असेल तर तिची जाडीही खोलीच्या हिशेबात धरा.

तपासणी: टेबलावर आता सहा पिशव्या हव्यात: पिनियन खोली, पिनियन ताण, केज डावी, केज उजवी, शाफ्ट डावी आणि शाफ्ट उजवी. केजच्या शिम बेअरिंगच्या कोनखाली असतात, त्या कोन पुलरनं काढल्यावरच मिळतील.

६. पिनियन आणि केज बसवणं

सगळं डिझेलमध्ये धुऊन कोरडं करा. हौसिंगच्या नळ्या आतून कापडानं पुसून काढा; तिथे साठलेला चिखल नव्या बेअरिंगमध्ये येतो. ओतीव भागात नळी जिथे घुसते ते वेल्डचे ठिपके तडकलेले नाहीत ना, तेल पाझरल्याच्या खुणा नाहीत ना, पाहा. जुळवलेल्या जीपमध्ये पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) बैठका नव्यानं वेल्ड केलेल्या असतात आणि त्या उष्णतेनं नळी वाकते. दोन्ही टोकांना एकाच उंचीवर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर उघडण्याआधी मोजलेलं असेल तर वाक लगेच कळतो. वाकलेल्या हौसिंगमध्ये नवी बेअरिंगं घालू नका; आधी ते प्रेसवर सरळ करून घ्या.

पिनियनची खोली. पिनियनच्या डोक्यावर विजेच्या पेननं कोरलेला आकडा असतो: ०, +२, −३ असा, थाऊंमध्ये. शेजारचा जोडीचा नंबर क्राऊन व्हीलवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. डॅनामध्ये अधिक आकड्याच्या पिनियनला तेवढी शिम कमी लागते आणि उणे आकड्याच्या पिनियनला जास्त. उदाहरणार्थ, जुना +२ आणि नवा −१ असेल तर फरक तीन. जुन्या पॅकमध्ये ३ थाऊ वाढवा. लोक इथे जुनीच शिम घालून मोकळे होतात किंवा चिन्ह उलटं धरतात. चिन्ह उलटं धरलं तर चूक दुप्पट होते, सहा थाऊंची, आणि गिअर गुणगुणायला तेवढं पुरेसं असतं.

पिनियनचा ताण. खोलीची शिम घालून दोन्ही कप पितळी ड्रिफ्टनं तळाला बसवा. सील आत्ता घालू नका. पिनियन, ताणाच्या शिम, बाहेरचं बेअरिंग, योक आणि नट बसवून २०० ते २२० पाउंड-फुटांवर (सुमारे २७० ते ३०० न्यूटन-मीटर) आवळा. नव्या, तेल लावलेल्या बेअरिंगांवर पिनियन फिरवायला २० ते ४० पाउंड-इंच लागले पाहिजेत. एवढा कमी टॉर्क मोजणारा पाना नसेल तर योकवर २ इंच त्रिज्येला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढा. फिरत असताना काटा ४.५ ते ९ किलोंमध्ये राहिला पाहिजे. जड असेल तर ताणाची शिम वाढवा, हलका असेल तर कमी करा. नट थोडा सैल ठेवून ताण जुळवणं ही या अ‍ॅक्सलमधली सर्वांत महागडी सवय आहे. नट पूर्ण आवळूनच ताण मोजायचा.

> लक्षात ठेवा: नंतर खोलीची शिम बदलली तर ताणाची शिमही तेवढीच आणि त्याच दिशेनं बदला. खोलीत ५ थाऊ वाढवले की दोन कपांमधलं अंतर ५ थाऊ वाढतं. ताणातही ५ वाढवले नाहीत तर बेअरिंग गळा आवळल्यासारखं जाम होतं.

केज. क्राऊन व्हील बसवायच्या आधी त्याची पाठ आणि केजचा फ्लॅंज तेलाच्या दगडानं घासून बारीक टोकं काढा. अडकलेला एक कण क्राऊन व्हील डगमगवतो. बोल्ट समोरासमोर आवळत ४५ ते ५५ पाउंड-फुटांवर न्या, लॉकिंग द्रव लावा.

केजच्या शिम कोनखाली असल्यामुळे दर वेळी बेअरिंग काढणं-घालणं आलं, आणि त्यात चांगलं बेअरिंग खराब होतं. म्हणून जुन्या दोन कोनांची आतली भोकं लेथवाल्याकडून इतकी घासून घ्या की ते हातानं सरकतील. ही चाचणीची बेअरिंगं. त्यांच्यावर, शिमशिवाय आणि पिनियन न घालता, केज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सरकते ते डायल गेजवर मोजा. हे एकूण अंतर. मग पिनियन बसवून केज क्राऊनच्या पाठीकडे पूर्ण सरकवा आणि तिथून दात एकमेकांना घट्ट टेकेपर्यंत मोजा. क्राऊनच्या पाठीकडची शिम या दुसऱ्या अंतराइतकी, वजा बॅकलॅशसाठी सात-आठ थाऊ. उरलेलं सगळं दुसऱ्या बाजूला. ताणासाठी जुन्या जीप-पुस्तिकांत एकूण ८ थाऊ जादा घालायला सांगितले आहेत. ते दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे वाटा. मग खरी बेअरिंगं प्रेसनं बसवा, कॅप ७० ते ९० पाउंड-फुटांवर आवळा.

बॅकलॅश चार जागी मोजा: ६ ते ८ थाऊ हे लक्ष्य. चार जागांत ३ थाऊंपेक्षा जास्त फरक असेल तर क्राऊन व्हील डगमगतं आहे. परत काढून पाठ साफ करा. बॅकलॅश कमी-जास्त करायला एका बाजूची शिम काढून तीच दुसऱ्या बाजूला घाला. एकूण बेरीज तीच राहिली की ताण बदलत नाही.

खूण वाचणं. सात-आठ दातांना रंग लावा, सोबत्याला क्राऊन व्हील लाकडानं अडवायला सांगा आणि योक दोन्ही दिशांना फिरवा. ओढीच्या बाजूची (गाडी पुढे जाताना दाब येतो त्या बाजूची) खूण दाताच्या उंचीच्या मध्यावर हवी. खूण दाताच्या मुळाशी गेली असेल तर पिनियन फार आत आहे. खोलीची शिम कमी करा. माथ्याकडे गेली असेल तर पिनियन बाहेर आहे, शिम वाढवा. खूण लांबीत, म्हणजे दाताच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकली असेल तर आधी बॅकलॅश तपासा. एका वेळी एकच बदल करा, तीन-चार थाऊंचा, आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. खूण पटली की योक काढा, सील घाला आणि नवा नट पूर्ण टॉर्कवर आवळा. योकच्या ज्या जागी सीलचा ओठ फिरतो तिथे नखाला लागणारी खाच असेल तर योक बदला किंवा स्लीव्ह बसवा, नाहीतर नवं सील पहिल्याच महिन्यात गळतं.

चालवलेला जुना सेटच परत घालत असाल तर नव्या सेटची मापं त्याच्यावर लादू नका. त्याच्या दातांनी आपली जागा घडवलेली असते. जुनी खोली आणि जुना बॅकलॅश जेवढा जवळ आणता येईल तेवढा आणा.

७. टेपर शाफ्ट, हब आणि एंड-प्ले

शाफ्टच्या टेपरवर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यांत तडा सुरू होतो. तो भाग घासून, उजेडात भिंगातून पाहा. तडा असेल तर शाफ्ट टाकून द्या, वेल्ड करू नका. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला की चाकच निखळून जातं.

टेपरला निळा रंग लावून हब चावीशिवाय हातानं बसवा, थोडा फिरवा आणि काढा. रंग दोन्ही टोकांना सारखा लागला पाहिजे. फक्त एकाच टोकाला लागला तर हब किंवा शाफ्ट झिजला आहे. झिजलेल्या हबची आणखी एक खूण: नट आवळल्यावर तो इतका आत जातो की ड्रम ब्रेक प्लेटला घासू लागतो. असा हब बदलावाच लागतो. टेपरवर पत्र्याची पट्टी गुंडाळून किंवा वॉशर वाढवून दिवस काढू नका.

बाहेरची बेअरिंगं ग्रीसनं हातानं भरा. आतलं सील, शाफ्ट, कप, जुन्या शिम, ब्रेक प्लेट या क्रमानं जोडा आणि दोन्ही शाफ्टांची टोकं लाकडी हातोडीनं हलकेच ठोका म्हणजे कप जागेवर येतील. ब्रेक शू अजून लावू नका. एका टोकाला डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर ढकला: ३ ते ६ थाऊ हालचाल (एंड-प्ले) हवी. कमी असेल तर शिम वाढवा, जास्त असेल तर काढा, आणि दोन्ही बाजूंच्या शिम शक्यतो सारख्या ठेवा म्हणजे मधला ठोकळा मध्यावर राहील. एंड-प्ले शून्य ठेवला तर बेअरिंग गरम होऊन जळतं. फार ठेवला तर वळणावर ठोके येतात आणि सील फाटतं.

हब बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा. तेल किंवा ग्रीस लावू नका. नट किमान १५० पाउंड-फूट (सुमारे २०३ न्यूटन-मीटर). स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीही घेऊ नका.

फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलवर यातलं काही नसतं. तिथे हब फिरवत आतला नट चाक अडेपर्यंत आवळायचा, सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, लॉक वॉशर दुमडून बाहेरचा नट आवळायचा.

८. ऑइल आणि पहिले किलोमीटर

ब्रीदर काढून साफ करा. ओढे ओलांडायचे असतील तर त्याला रबरी नळी जोडून ती चासीवर उंच बांधा. झाकण लावा, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबर हायपॉइड ऑइल भरा. साधारण १.२ लिटर बसतं. हेच ऑइल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथलं ऑइल वेगळ्या जातीचं असतं.

पहिले २०–२५ किलोमीटर गाडी मोकळी आणि सावकाश चालवा, मग थांबवून पिनियनजवळ आणि दोन्ही हबांवर हात लावून पाहा. कोमट ते गरम चालेल. हात ठेवता येत नसेल तर तो बेअरिंगचा ताण जास्त आहे, परत मोजा. गाडी पूर्ण थंड झाली की हबचे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा आणि नवी स्प्लिट पिन घाला. ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदला, पाट्यांचे यू-बोल्ट आवळा आणि फोर-व्हील फक्त मातीवर टाकून बघा: लिव्हर सहज सुटला तर दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो जुळला आहे.